बर्लिनची वेळ बॉस्टनला चालत नाही: एलिउड किपचोगेचं प्रकरण

२५ सप्टेंबर २०२२ रोजी एलिउड किपचोगेने बर्लिन मॅरेथॉन २:०१:०९ अशा वेळेत पूर्ण केली. तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. त्यानंतर सात महिनेही उलटले नव्हते, तेव्हा १७ एप्रिल २०२३ ला तो बॉस्टनमध्ये उतरला आणि २:०९:२३ वेळेसह सहावा आला. धावपटू तोच, प्रशिक्षक पॅट्रिक सँग तेच, केनियातल्या काप्तागातचा कॅम्प तोच, अंतरही तेच, ४२.१९५ किलोमीटर. फरक पडला आठ मिनिटं चौदा सेकंदांचा.

त्या आठवड्यात जगभर एकच सूर होता: वय झालं, आता संपला. पण पाच महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, तो पुन्हा बर्लिनला गेला आणि २:०२:४२ वेळ घेऊन तिथली पाचवी शर्यत जिंकला. म्हणजे बॉस्टनच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बर्लिनमध्ये तो २:०३ च्या आत होता. मधल्या एका सोमवारी मात्र २:०९. एका माणसावर केलेला यापेक्षा स्वच्छ प्रयोग मॅरेथॉनमध्ये शोधून सापडणार नाही, म्हणूनच मी हे प्रकरण निवडलं.

आपल्याकडे मॅरेथॉन धावणाऱ्यांची एक पिढी आता देशोदेशी जाते आहे. जानेवारीत मुंबई, सप्टेंबरात लेह, पुढच्या वर्षी बर्लिन, नशीब आणि व्हिसा साथ देतील तर टोकियो किंवा शिकागो. टोकियो, बॉस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा ‘मेजर’ म्हणजे मोठ्या मॅरेथॉन पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या पदकासाठी पैसे साठवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. या सगळ्या प्रवासात बॅगेत कपड्यांबरोबर एक आकडा असतो: सब-फोर (चार तासांच्या आत), ३:४५, ३:३०. तोच आकडा प्रत्येक गावी नेला जातो, आणि एखाद्या गावी तो पुरा झाला नाही की माणूस स्वतःला नापास ठरवतो. मला हे अन्यायाचं वाटतं. किपचोगेच्या वेळा गावागावांप्रमाणे उलगडून बघितल्या, तर हा अन्याय नेमका कुठे होतो ते दिसतं.

ट्रॅकवरून रस्त्यावर

किपचोगे मुळात ट्रॅकचा धावपटू. २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत, अठराव्या वर्षी, त्याने पाच हजार मीटरमध्ये हिशाम एल गरुज आणि केनेनिसा बेकेले या दोन दिग्गज धावपटूंना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. पुढे ऑलिम्पिकमध्ये अथेन्सला कांस्य, बीजिंगला रौप्य. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी केनियाच्या संघात जागा मिळाली नाही, आणि मग तो रस्त्यावर आला. एप्रिल २०१३ मध्ये हॅम्बुर्गला पहिली मॅरेथॉन: २:०५:३०, पहिला क्रमांक. त्याच वर्षी बर्लिनला २:०४:०५ आणि दुसरा क्रमांक, कारण समोर विल्सन किपसांगने २:०३:२३ चा विश्वविक्रम केला होता. त्यानंतर २०१९ च्या अखेरपर्यंत एकाही अधिकृत मॅरेथॉनमध्ये त्याला कुणी हरवलं नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तो दिल्लीतही येऊन गेला. तिथली हाफ मॅरेथॉन त्याने ५९:४४ मध्ये जिंकली.

या काळातल्या त्याच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या तर त्या सरळ उतरत जात नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लंडनला २:०३:०५, आणि चारच महिन्यांनी रिओला २:०८:४४. २०१८ मध्ये बर्लिनला २:०१:३९, २०२१ मध्ये साप्पोरोला २:०८:३८. फक्त वेळा वाचणाऱ्याला वाटेल की मध्येच काहीतरी बिघडत होतं. प्रत्यक्षात रिओ आणि साप्पोरो ही त्याची दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं आहेत.

घड्याळासाठी बांधलेले रस्ते

वेळेचं ध्येय ठेवायचं तर काय काय जुळवावं लागतं, हे मोन्झा आणि व्हिएन्ना या दोन प्रयोगांत उघड दिसतं. हे दोन्ही प्रयत्न विश्वविक्रम म्हणून धरले जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण अभ्यासाला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, कारण तिथे स्पर्धा काढून टाकली होती आणि फक्त घड्याळ ठेवलं होतं.

६ मे २०१७ ला इटलीतल्या मोन्झाच्या मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर त्याने २:००:२५ वेळ दिली. दोन तासांचा उंबरठा पंचवीस सेकंदांनी राहिला. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नाच्या प्राटर बागेत तो १:५९:४० मध्ये पोहोचला. या वीस सेकंदांसाठी किती तयारी होती ते बघा. हाउप्टआले नावाचा झाडांमधला सरळ, जवळपास सपाट रस्ता निवडला. दोन्ही टोकांना वळसा, आणि त्याच त्या रस्त्यावर फेऱ्या. तारीख एक नव्हती, आठवडाभराची मुभा होती. हवामान बघून दिवस आणि सकाळची वेळ ठरवली. व्हिएन्ना आणि केनियाच्या घड्याळात त्या दिवसांत एकाच तासाचा फरक असतो, त्यामुळे झोप बिघडायचा प्रश्न नव्हता. एकेचाळीस पेसर, म्हणजे ठरलेला वेग राखून देणारे सोबती, आलटून पालटून धावले, पाच पुढे आणि दोन मागे, वारा अडवायला. समोरच्या गाडीतून रस्त्यावर लेझरची रेघ पडत होती. पेय सायकलवरून हातात मिळत होतं. किलोमीटरला २ मिनिटं ५० सेकंद, आणि हा पेस जवळजवळ हललाच नाही.

दोन तासांच्या आत येण्यासाठी जगातल्या सर्वोत्तम धावपटूलाही रस्ता, हवा, तारीख, झोप आणि वारा एवढं सगळं आपल्या बाजूने वळवून घ्यावं लागलं. वेळेचं ध्येय हे अर्धं पायांचं आणि अर्धं परिस्थितीचं असतं. आपण सामान्य धावपटू मात्र परिस्थितीचा अर्धा वाटा गृहीत धरतो आणि सगळा हिशेब पायांच्या नावावर मांडतो.

बर्लिन ही व्हिएन्नाच्या सर्वांत जवळ जाणारी खुली शर्यत. पूर्ण मार्गावर चढउतार नावापुरता, सप्टेंबरअखेरची थंड सकाळ, रुंद रस्ते, भरवशाचे पेसर. २००३ मध्ये पॉल टेरगाटने तिथे २:०४:५५ केल्यापासून २०२२ पर्यंत पुरुषांचा प्रत्येक नवा विश्वविक्रम बर्लिनलाच झाला: गेब्रसेलासीचे दोन, मकाऊ, किपसांग, किमेटो, आणि किपचोगेचे दोन. २०१८ मध्ये किपचोगेचे पेसर पंचवीस किलोमीटरपर्यंत संपले, पुढचे सतरा किलोमीटर तो एकटा धावला, तरी दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा वेगवान निघाला. बर्लिनला जाताना त्याचं ध्येय घड्याळ असू शकत होतं, कारण रस्ता त्या ध्येयाला आडवा येत नव्हता.

पदकाचे रस्ते

रिओच्या शर्यतीत भारतीय वाचकाने थांबून बघावं असं काहीतरी आहे. २१ ऑगस्ट २०१६. दमट हवा, पावसाची भुरभुर. ऑलिम्पिकमध्ये पेसर नसतात, त्यामुळे सुरुवातीला कुणालाच घाई नसते. किपचोगेने पुढच्या घोळक्यात राहून वाट बघितली, उत्तरार्धात जोर लावला आणि २:०८:४४ मध्ये जिंकला. त्या वर्षीच्या लंडनपेक्षा ही वेळ साडेपाच मिनिटांहून जास्त. त्याच रस्त्यावर, त्याच हवेत, आपला टी. गोपी २:१५:२५ वेळेसह पंचविसावा आला आणि एक सेकंद मागे खेता राम सव्विसावा. दोघांचीही तोपर्यंतची ती सर्वोत्तम वेळ होती.

ज्या सकाळी जगातला सर्वोत्तम माणूस आपल्या नेहमीच्या वेळेपासून इतका लांब होता, त्याच सकाळी आपले दोन सैनिक धावपटू आयुष्यातली सर्वोत्तम मॅरेथॉन धावले. यात विरोधाभास काही नाही. किपचोगेला तिथे वेळ नको होती, सुवर्ण हवं होतं, आणि सुवर्णासाठी जेवढी लागेल तेवढीच ताकद त्याने जेव्हा हवी तेव्हा खर्च केली. गोपी आणि खेता राम यांच्यासाठी ऑलिम्पिकचा रस्ता हीच आपली पूर्ण ताकद दाखवायची जागा होती. एकाच फिनिश लाइनवर तिघांची तीन ध्येयं पूर्ण झाली.

साप्पोरोची गोष्ट थोडक्यात. टोकियोच्या उकाड्याच्या भीतीने मॅरेथॉन उत्तरेला साप्पोरोला हलवली, तरी ८ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी तिथेही ऊन आणि दमट हवा होतीच. कितीतरी धावपटू मध्येच थांबले. किपचोगे तीस किलोमीटरपर्यंत घोळक्यात राहिला, मग निघून गेला आणि दुसऱ्या क्रमांकाला ८० सेकंद मागे ठेवून जिंकला. उकाड्यात शरीराला रक्त दोन ठिकाणी पुरवावं लागतं: स्नायूंना आणि थंड होण्यासाठी त्वचेला. हृदयाचे ठोके तेवढ्याच पेसला वाढतात, घामाने पाणी जातं, आणि वीस किलोमीटरनंतर तोच पेस दुसऱ्याच शरीराला झेपवावा लागतो. अशा दिवशी घड्याळ मनातून काढून ठेवणं हाच हुशारीचा भाग असतो, आणि तो त्याने पुरेपूर केला.

बॉस्टन

आता मूळ प्रश्न. उकाड्यात सुवर्ण जिंकणारा, पेसरशिवाय धावू शकणारा हा माणूस बॉस्टनला का कोसळला? त्या दिवशी ऊन नव्हतं. हवा थंड आणि ओलसर होती, अधूनमधून रिमझिम.

बॉस्टन मॅरेथॉन १८९७ पासून चालू आहे. हॉपकिंटन नावाच्या गावातून निघून सरळ बॉस्टन शहराकडे, बॉयल्स्टन स्ट्रीटवर शेवट. परतीचा मार्ग नाही. सुरुवातीपेक्षा शेवट सुमारे १४० मीटर खाली आहे. विश्वविक्रमाच्या नियमात सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्यापेक्षा जास्त चालत नाही, आणि उतार किलोमीटरला एक मीटरपेक्षा जास्त चालत नाही. बॉस्टन दोन्ही अटी मोडतं. म्हणूनच २०११ मध्ये पाठीवर वारा घेऊन जेफ्री मुताईने तिथे २:०३:०२ केले, तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा जवळजवळ मिनिटभर कमी, तरी तो विश्वविक्रम धरला गेला नाही.

कागदावर उताराचा रस्ता म्हणजे सोपा रस्ता. पायांना तसं वाटत नाही. उतारावर प्रत्येक पाऊल टेकताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचा भार रोखून धरत असतो. अशा कामात स्नायूंचे तंतू सूक्ष्म पातळीवर फाटत जातात. फसवं म्हणजे त्या वेळी श्वास शांत असतो, ठोके कमी असतात, घड्याळ सुंदर पेस दाखवत असतं. बिल येतं ते सव्वीस किलोमीटरनंतर, वाटेतल्या न्यूटन नावाच्या गावातल्या चढांवर. चार चढ, त्यातला शेवटचा हार्टब्रेक हिल, साधारण ३२-३३ किलोमीटरच्या आसपास. तो चढ उंचीने फार नाही, तीसेक मीटरच्या आतच, पण तिथे पोहोचलेल्या मांड्यांनी पंचवीस किलोमीटर उतार झेललेला असतो.

किपचोगेने बॉस्टनचे पहिले पाच किलोमीटर साधारण सव्वाचौदा मिनिटांत काढले. म्हणजे किलोमीटरला २:५१ च्या आसपास, त्याच्या बर्लिनच्या विश्वविक्रमापेक्षाही किंचित वेगवान. आणि तो घोळक्यात लपला नव्हता, पुढे होता. अर्धं अंतर ६२ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास. तीस किलोमीटरच्या सुमारास चढांवर तो मागे पडू लागला. तिथेच एका टेबलावर त्याची पेयाची बाटलीही हुकली. डाव्या पायाने साथ सोडल्याचं त्याने नंतर सांगितलं. दुसऱ्या अर्ध्या भागाला त्याला सदुसष्ट मिनिटं लागली.

समोर कोण होतं? इव्हान्स चेबेट, जो २:०५:५४ मध्ये जिंकला. चेबेट आदल्या वर्षीचा बॉस्टन विजेता होता. तिसरा आलेला बेन्सन किप्रुटो २०२१ चा बॉस्टन विजेता. दोघांचाही सराव एकत्र होत असे. मधे टांझानियाचा गॅब्रिएल गे दुसरा, तोही आदल्या वर्षी इथेच चौथा आलेला. म्हणजे पहिल्या तिघांच्याही पायांना हा रस्ता माहीत होता, कुठे हात आखडायचा आणि कुठे मोकळं सोडायचं ते ठाऊक होतं. किपचोगे तिथे पहिल्यांदाच धावत होता.

माझं मत असं आहे, आणि ते मी जबाबदारीने मांडतो: किपचोगे बॉस्टनला फिटनेसमध्ये कमी पडला नाही, तो दोन ध्येयं एकत्र घेऊन गेला. शर्यत जिंकायची हे एक. आणि सुरुवातीपासून पुढे राहून, वेगाने, आपल्या पद्धतीने जिंकायची हे दुसरं. बर्लिनला ही दोन ध्येयं एकमेकांना मदत करतात, कारण तिथे वेगाने पुढे राहणं म्हणजेच जिंकणं. बॉस्टनला ती एकमेकांच्या विरोधात जातात. पुढे राहणारा वारा खातो, उतार स्वतःच्या मांड्यांवर झेलतो, आणि मागून येणाऱ्यांना फुकट पेसर मिळतो. रिओ आणि साप्पोरोला त्याने हीच चूक टाळली होती. तिथे ध्येय एकच होतं.

बाटली हुकणं, पाय दुखणं हीसुद्धा खरी कारणं आहेत, मी ती नाकारत नाही.  पण डावा पाय का दुखला, याचं उत्तर हॉपकिंटनच्या उतारावर शोधायला हरकत नाही.

तीच आठ मिनिटं, वेगळा निकाल

इथे आणखी एका धावपटूला साक्षीला आणतो, कारण त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. इथिओपियाचा हेले लेमी. २०१६ च्या जानेवारीत दुबईला, सपाट आणि वेगवान रस्त्यावर, त्याने २:०४:३३ वेळ दिली आणि दुसरा आला. तीन महिन्यांच्या आत, एप्रिलमध्ये, तो बॉस्टनला धावला. त्या वर्षी बॉस्टनला चांगलंच ऊन होतं. लेमीची वेळ २:१२:४५.

दुबई आणि बॉस्टनमधला फरक आठ मिनिटं बारा सेकंद. किपचोगेच्या फरकापेक्षा दोनच सेकंद कमी. आणि लेमी त्या वेळेत बॉस्टन जिंकला.

पुढे हाच लेमी मुंबईला आला. जानेवारी २०२३ मध्ये २:०७:३२ वेळ देऊन त्याने टाटा मुंबई मॅरेथॉनचा मार्गविक्रम केला, आणि पुढच्या वर्षी २:०७:५० मध्ये पुन्हा जिंकला. दुबईपेक्षा तीन मिनिटं जास्त, बॉस्टनपेक्षा पाच मिनिटं कमी. या तिन्ही वेळांमध्ये चांगली कुठली, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याला उत्तर नाही. दुबईतला सर्वांत कमी आकडा हा पराभवाचा आहे, बॉस्टनमधला सर्वांत मोठा आकडा विजयाचा. मुंबईचा आकडा मुंबईपुरता सर्वश्रेष्ठ होता.

बॉस्टनच्या संयोजकांनाही रस्त्याचा हा हिशेब मान्य करावा लागला आहे. तिथे सामान्य धावपटूला पात्रता वेळ लागते, आणि ती मिळवायला अनेक जण डोंगरावरून खाली येणाऱ्या शर्यती गाठतात. २०२७ च्या बॉस्टनसाठी नवा नियम आला: ज्या शर्यतीत सुरुवात ते शेवट निव्वळ उतार दीड हजार फूट किंवा त्याहून जास्त, तिथल्या वेळेत पाच मिनिटं मिळवून मगच ती मोजायची. तीन हजार फुटांच्या वर गेलं तर दहा मिनिटं. सहा हजार फूट आणि वर असेल तर ती वेळ धरायचीच नाही.

आपल्या आकड्याचं काय करायचं

आठ मिनिटं म्हणजे दोन तासांच्या धावपटूसाठी जवळपास सात टक्के. चार तासांच्या धावपटूसाठी सात टक्के म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. हे सूत्र म्हणून वापरू नका. प्रत्येकाचं शरीर, वजन, उकाड्याची सवय वेगळी असते. पण एवढं तरी लक्षात घ्या की रस्ता आणि हवा बदलल्यावर सोळा मिनिटांचा फरक पडला तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

बर्लिनला ३:५२ धावलेल्या एखाद्या पुणेकराचं उदाहरण घेऊ. त्याचा पेस किलोमीटरला ५:३०. जानेवारीत मुंबईला तो हाच पेस धरून निघाला तर पहाटेच्या अंधारात सगळं छान जाईल. सी लिंकवर समुद्राचा वारा लागेल, मन उभारी घेईल. सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो, आणि दमट हवा तर आधीपासूनच होती. तीस किलोमीटरच्या पुढे ऊन अंगावर, आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ. हा चढ सरावात एरवी जाणवणारही नाही इतका साधा. पण तो उशिरा येतो, आणि उशिरा येणाऱ्या चढाची किंमत काय असते ते न्यूटनला बघितलं. अशा धावपटूला मी सांगेन: मुंबईत पहिले तीस किलोमीटर घड्याळ बघूच नका, ठोके आणि श्वास बघा, शेजाऱ्याशी एखादं पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा. घड्याळाकडे बघायची परवानगी पेडर रोड ओलांडल्यावर.

लेहचं तर बोलायलाच नको. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेत प्राणवायूचा दाब इतका कमी असतो की मैदानातला पेस तिथे लागू होतच नाही. तिथे आधी पुरेसे दिवस राहून शरीराला सवय लावणं हीच खरी तयारी. तिथली वेळ बर्लिनच्या वेळेशेजारी लिहूही नये, वेगळ्या पानावर लिहावी. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या हाफ मॅरेथॉनचंही तसंच. तिथून मिळालेली वेळ दुप्पट करून फुल मॅरेथॉनचं ध्येय काढणारे लोक दर वर्षी भेटतात, आणि दर वर्षी मी त्यांना थांबवतो.

एक बारीक गोष्ट, जी सपाट रस्त्यावरही सब-फोर हुकवते. ४२.१९५ हे अंतर सर्वांत आखूड रेषेवर मोजलेलं असतं. गर्दीत वळणं बाहेरून घेतली, पाण्याच्या टेबलाकडे आडवं गेलं, की पायाखाली ४२.६ किलोमीटरही येतात. ५:४१ च्या पेसने ४२.१९५ ला चार तास लागतात, पण ४२.६ ला चार तास दोन मिनिटं. तेव्हा घड्याळातला पेस ५:३७-५:३८ ठेवूनच निघावं. बर्लिनला रस्त्यावर निळी रेघ आखलेली असते, ती याच आखूड रेषेची.

सब-फोर हवंच असेल तर त्यासाठी रस्ता निवडा: सपाट, थंड, पेसर असलेला, ज्या गावी तुम्ही दोन दिवस आधी पोहोचून नीट झोपू शकाल. वर्षात असा एकच रस्ता ठरवा. बाकीच्या शर्यतींना दुसरं ध्येय द्या. एखादीला शेवटचे दहा किलोमीटर न चालता धावणं, एखादीला उतारावर मांड्या राखणं, एखादीला फक्त वेळेत पदक. आणि पहिल्यांदाच जात असलेल्या रस्त्यावर वेळेचं ध्येय ठेवूच नका, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. चेबेट आणि किप्रुटो यांना जे ठाऊक होतं, ते तुम्हाला पहिल्या वर्षी ठाऊक नसतं. नकाशा बघून ते कळत नाही, गाडीतून रस्ता बघूनही नाही.

न्यूयॉर्क

किपचोगेने बॉस्टननंतर रस्ते सोडले नाहीत. २०२४ मध्ये टोकियोला २:०६:५० आणि दहावा. पॅरिस ऑलिम्पिकला व्हर्सायकडच्या उभ्या चढांच्या मार्गावर पाठीच्या दुखण्याने तीस किलोमीटरनंतर तो थांबला, कारकिर्दीत पहिल्यांदाच. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला २:०५:२५ आणि सहावा, ऑगस्टअखेर सिडनीला २:०८:३१ आणि नववा. २ नोव्हेंबर २०२५ ला, एकेचाळिसाव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, तो न्यूयॉर्कला पहिल्यांदा धावला. पाच पूल, सततचे चढउतार, पेसर नाहीत. वेळ २:१४:३६, क्रमांक सतरावा. बॉस्टनला तिसरा आलेला किप्रुटो त्या दिवशी २:०८:०९ मध्ये जिंकला.

ही त्याच्या पूर्ण केलेल्या मॅरेथॉनमधली सर्वांत संथ. पण या शर्यतीने त्याच्या सहा मेजर पुऱ्या झाल्या, आणि फिनिशवर त्याच्या गळ्यात तेच पदक पडलं जे पुण्या-मुंबईतले साडेचार-पाच तासांत धावणारे लोक मिळवतात. पुढे सात खंडांवर सात मॅरेथॉन धावायचा बेत त्याने जाहीर केला. आता तो वेळ घेऊन निघत नाही, रस्ते मोजतो.

न्यूयॉर्कच्या २:१४:३६ कडे मी बॉस्टनच्या २:०९:२३ पेक्षा जास्त आदराने बघतो. किलोमीटरला ३:११ चा पेस त्या वयात त्या पुलांवर सोपा नाही, हे एक कारण. दुसरं असं की बॉस्टनला त्याच्या ध्येयात रस्ता बसला नव्हता, न्यूयॉर्कला बसला.